आधी फोटो, मग वॉर्निश! वारली प्रिंटच्या धंद्यात आपण उलटं करतोय

या आठवड्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच होता: "सर, चित्रावर चमक येते, फोटो नीट येत नाही, कुठला कॅमेरा घेऊ?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा झालो. पण ते उत्तर अर्धवट होतं. बाकीचं अर्धं जरा अडचणीचं आहे, कारण त्यात चूक माझी आहे. म्हणून इथे लिहितोय.

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या एक ताई माझ्या प्रशिक्षणाला येत होत्या. हात फार सुंदर. दोन फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास, गेरूच्या रंगाची जमीन, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची गुंडाळत गेलेली रांग. खाली भाताची लावणी, एका कोपऱ्यात मुंग्यांची रांग. मुंग्या तर अशा काढलेल्या की वाटायचं चालतायत. प्रदर्शनाला नेण्याआधी मीच सांगितलं, "ताई, यावर ग्लॉस वॉर्निश मारा, स्टॉलवर उठून दिसेल." त्यांनी मारलं. उठून दिसलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी पहिल्याच दिवशी विकत घेतलं. नेण्यापूर्वी मी मोबाईलवर घाईघाईत दोन फोटो काढून ठेवले, रेकॉर्डला असावेत म्हणून.

पुढे दोन महिन्यांनी त्याच चित्राच्या 40 प्रिंट पाहिजेत अशी ऑर्डर आली, ए थ्री साइजच्या. मी फोटो उघडला. वरच्या डाव्या बाजूला खिडकीचा पांढरा चौकोन, नाचणाऱ्यांची निम्मी रांग त्याखाली गडप. मधोमध, अगदी तारप्यावर, माझ्या पांढऱ्या शर्टाची धूसर आकृती. एडिट करणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "सर, जे फोटोत आलंच नाही ते मी आणू कुठून?" ऑर्डर गेली. खर्च वजा जाता एका प्रिंटमागे 200 रुपये सुटले असते असं धरा, म्हणजे 8,000 रुपये. ज्या भागात दिवाळी झाली की माणसं बिऱ्हाड उचलून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, तिथे घरबसल्या 8,000 म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको.

ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, वॉर्निश मारायच्या आधी काढला असता तर?"

बस्स. माझं सगळं मत या एका प्रश्नात आलं. चकचकीत चित्राचा फोटो ही कॅमेऱ्याची अडचण नाही, कामाच्या क्रमाची अडचण आहे. आपण चित्र पूर्ण करतो, वॉर्निश करतो, फ्रेम करतो, काच लावतो, आणि मग फोटोचा विचार करतो. क्रम उलटा करा. चित्र वाळलं की फोटो. फोटो मोठा करून, कोपरा न् कोपरा तपासून झाला की वॉर्निश. आणि वॉर्निश खरंच लागणार आहे का, हे त्याच्याही आधी ठरवा.

आता चमक का येते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. खरखरीत भिंतीवर उजेड पडला की तो सगळीकडे विखुरतो. गुळगुळीत वॉर्निशवर पडला की आरशासारखा परत येतो, ज्या कोनात आला त्याच कोनात. म्हणजे कॅमेरा तुमचं चित्र तर बघतोच, पण त्यावर चढलेलं समोरच्या खोलीचं प्रतिबिंबसुद्धा बघतो. खिडकी, ट्यूबलाइट, पांढरा शर्ट, सगळं. वारलीत हा त्रास जास्त होतो आणि त्याला कारण आहे. फिकट रंगाच्या निसर्गचित्रावर थोडं प्रतिबिंब आलं तर ते त्या फिकट रंगात मिसळून जातं. आपली जमीन गडद असते. गडद रंग स्वतः उजेड कमी परत पाठवतो, त्यामुळे वरचं प्रतिबिंब ठळक दिसतं. आणि नेहमी पांढरा चौकोनच दिसतो असंही नाही. पुष्कळदा नुसता एक पातळ पडदा चढतो. गेरू गुलाबी-करडा होतो, पांढरी रेघ आणि जमीन यातलं अंतर कमी होतं. मोबाईलच्या पडद्यावर ते चालून जातं, प्रिंट काढली की चित्र मेलेलं दिसतं. वारलीत आहे काय? रेघ आणि जमीन. तेच अंतर गेलं तर ग्राहक पैसे कशाचे देणार?

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: "सर, पण ग्राहकाला चमक आवडते." मान्य. ते खोटं नाही. ग्लॉस वॉर्निशने रंग ओल्यासारखे खोल दिसतात, काळा अधिक काळा, गेरू अधिक लाल. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारणारी पूड असते, त्याने गडद रंग किंचित पांढुरके वाटतात. म्हणून स्टॉलवर शेजारी शेजारी ठेवलं तर ग्लॉस जिंकतो. पण स्टॉलवर कोण जिंकतं एवढंच बघून धंदा होत नाही. ते चित्र ग्राहकाच्या घरी खिडकीसमोर लागतं आणि तिथे त्यालाही खिडकीच दिसते. ट्रे, किटली, कोस्टर, पाणी लागणाऱ्या वस्तू यांना ग्लॉस मारा, खुशाल मारा. भिंतीवरच्या कॅनव्हासला फारच झालं तर सॅटिन, म्हणजे मधली चमक. आणि खऱ्या गेरूवर, शेणाने सारवलेल्या कापडावर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्यावर वॉर्निश नकोच. पिठाचा पांढरा ओला झाला की फिका पडतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जरा मागे जाऊन बघा. लग्नाचा चौक कुडाच्या भिंतीवर निघतो. खाली शेण-माती आणि गेरू, वर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने. त्यात चमकणारं काही नाही. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि शहरात पोचली. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं जगभर गेली ती रेघेच्या जोरावर. चमक नंतर आली, हस्तकलेच्या बाजारातून, आमच्यासारख्या प्रशिक्षकांच्या सल्ल्यातून. हे मी कबूल करतो.

आणखी एक उदाहरण, विषय थोडा बाजूचा आहे. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे कारागीर मूळ तैलचित्र बघून एकेक रंग वेगळा करून दगडावर उतरवायचे आणि त्यावरून छपाई व्हायची. छापलेल्या चित्राला तैलचित्रासारखी झळाळी यावी म्हणून वॉर्निश व्हायचं, पण ते शेवटी, छापून झाल्यावर. घराघरांत देवादिकांच्या चित्रांना जी चमक होती ती अशी वरून चढवलेली होती. आपणही तेच करू शकतो. मॅट मूळ चित्राचा स्वच्छ फोटो घ्या, आणि ज्या ग्राहकाला चमकच पाहिजे त्याला चमकदार कागदावर प्रिंट द्या. चमक प्रिंटवर केव्हाही चढवता येते. फोटोतून ती उतरवता येत नाही.

ठीक आहे. पण ज्यांचं वॉर्निश मारून झालंय त्यांनी काय करायचं? घरात अशी दहा चित्रं पडली असतील. त्यांच्यासाठी सांगतो, आणि महागडं काही सांगत नाही.

पहिलं म्हणजे फ्रेमची काच काढा. काचेसकट फोटो काढून मला पाठवू नका, हात जोडून विनंती. फ्लॅश बंद. मोबाईलमधलं सुंदर करणारं, आपोआप रंग वाढवणारं जे काही असेल ते बंद. चित्र उभं ठेवा आणि चित्राच्या समोर, म्हणजे तुमच्या पाठीमागे, काय आहे ते बघा. तिथे उजेडाचं काहीही नको. काळी चादर, काळी घोंगडी, जुनी काळी साडी काहीही चालेल. ती पाठीमागे टांगा. अजून चांगलं म्हणजे कापडाला मोबाईलच्या लेन्सपुरतं भोक पाडा आणि कापडामागून फोटो काढा. अंगात गडद कपडे. माझा पांढरा शर्ट आठवा.

उजेड समोरून नको, बाजूने हवा, दोन्ही बाजूंनी, साधारण 45 अंशांतून आणि सारखा. सारखा आहे का ते बघायला चित्राच्या मधोमध, पृष्ठभागाला टेकवल्यासारखी एक पेन्सिल काटकोनात धरा. डावी-उजवीकडे दोन सावल्या पडतील. दोन्ही सारख्याच गडद असतील तर उजेड सारखा. एक गडद, एक फिकी असेल तर दिवे हलवा. दोन्हीकडे एकाच प्रकारचे बल्ब लावा. एक पिवळा आणि एक पांढरा लावला तर अर्धं चित्र एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्याच, ते नंतर कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही.

दिवे नसतील तर ओटीवर किंवा पडवीत काढा, थेट ऊन नको. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला, आणि आपल्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात ढगांची काही कमतरता नाही. फक्त एक बघा: उजेड कशावरून उसळून येतोय? झाडाखाली काढलं तर हिरवट येतो. निळ्या ताडपत्रीखाली निळा. अंगणातल्या लाल मातीवरून उसळला तर खालचा भाग तांबूस, आणि गेरूवर तो तांबूसपणा डोळ्याला कळतसुद्धा नाही, प्रिंटवर कळतो. म्हणून त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो ग्रे कार्डसकट काढून ठेवा. प्रिंट करणाऱ्याला रंग त्यावरून जुळवता येतो. साधा पांढरा कागद भरवशाचा नाही, पुष्कळ कागदांना निळसर झाक असते.

आता माझी आवडती युक्ती. हातातला छोटा सपाट आरसा घ्या आणि चित्राच्या बरोबर मध्यावर सपाट टेकवून धरायला कुणाला तरी सांगा. मोबाईलच्या स्क्रीनवर बघा. आरशाच्या मधोमध तुमच्या मोबाईलची लेन्स दिसली म्हणजे मोबाईल चित्राच्या अगदी समोर, सरळ आहे. लेन्स आरशात वर-खाली सरकलेली दिसली तर फोटो तिरका येणार, चौकोनाचा पतंग होणार. दुसरा फायदा असा की तोच आरसा चित्राच्या चारी कोपऱ्यांवर फिरवला की कुठल्या कोपऱ्यात कुठली खिडकी चमकणार ते फोटो काढण्याआधीच कळतं. आरसा 20-30 रुपयांचा. मी हा प्रयोग पोशेऱ्यात करून दाखवला तेव्हा पोरांनी आरसा माझ्या हातातून काढूनच घेतला.

मोबाईल स्टँडवर लावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. वाइड लेन्सने जवळून काढू नका, कडा वाकतात. मुख्य लेन्सने चार पावलं मागे जाऊन काढा. मोबाईल किती मेगापिक्सेलचा हा प्रश्न फार लोक विचारतात, तर हिशोब साधा आहे. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत 4000 बाय 3000 ठिपके असतात. ए फोरला इंचाला 300 ठिपक्यांनी 3508 बाय 2480 लागतात, म्हणजे ते आरामात बसतं. ए थ्रीला इंचाला साधारण 240 मिळतात, तेही चांगलं दिसतं. म्हणजे ए थ्रीपर्यंत तुमचा मोबाईल पुरतो, नवा कॅमेरा हप्त्यावर घेऊ नका. मात्र फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलात तर त्यातले ठिपके कापले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राइव्हवर न्या.

एवढं करूनही काही चित्रं ऐकत नाहीत. कॅनव्हासच्या विणीवर जाड वॉर्निश असेल तर प्रत्येक धाग्याच्या उंचवट्यावर एक बारीक ठिणगी चमकते, कारण प्रत्येक उंचवटा वेगळ्या कोनातला छोटा आरसा असतो. दिवे कुठेही हलवा, काही ठिणग्या राहतातच. इथे पोलरायझर लागतो. आणि इथेच लोक पैसे वाया घालवतात. लेन्सवर लावायचा फिल्टर ऑनलाइन मागवतात, लावतात, आणि म्हणतात फरकच पडत नाही. बरोबर आहे, समोरून सरळ काढलेल्या फोटोत नुसत्या लेन्सवरच्या फिल्टरने फार फरक पडत नाही. दोन्ही दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म लावावी लागते, दोन्हींची दिशा एकच, आणि मग लेन्सवरचा फिल्टर हळूहळू फिरवायचा. एका ठिकाणी चमक दिवा विझल्यासारखी नाहीशी होते. बघताना जादू वाटते. पण उजेड पुष्कळ कमी होतो म्हणून स्टँड पाहिजेच, रंग गरजेपेक्षा भडक येतात ते थोडे खाली आणावे लागतात, आणि चित्रात सोनेरी-चंदेरी रंग असेल तर तो काळपट पडतो. फिल्म दिव्याला चिकटवू नका, तापून जळते. थोडं अंतर ठेवा. हे सामान एकट्याने घेण्यासारखं नाही. पाच-सहा जणींच्या बचतगटाने मिळून एकच सेट घ्यावा, असं माझं मत. वर्षातून चार दिवस ठरवा, सगळ्यांची चित्रं एका जागी आणा, फोटो काढून टाका.

छोट्या चित्रांसाठी सेवा केंद्रातला स्कॅनर चालतो, ए फोरपर्यंत. पण वॉर्निश पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर काचेला चिकटतं आणि मग चित्र आणि स्कॅनर दोन्हीचं नुकसान. फुगलेला, उंचसखल कागद असेल तर पातळ स्कॅनरवर तो भाग धूसर येतो.

प्रिंट काढायला आपल्याला त्र्यंबकवरून नाशिक गाठावं लागतं, एक दिवस आणि गाडीभाडं जातं. म्हणून 40 प्रिंट एकदम टाकू नका. आधी एक काढा, मॅट कागदावर, आणि मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात धरून बघा. मोबाईलचा पडदा स्वतःच उजळतो, कागद उजळत नाही, त्यामुळे पहिली प्रिंट नेहमी काळवंडलेली वाटते. थोडं उजळवून दुसरी काढा. हे दोन नमुन्यांचे पैसे खर्चात धरा, नंतर रडू नका.

आता हक्काचं. खूप जणांना वाटतं, चित्र विकलं म्हणजे प्रिंटचा हक्कही गेला. तसं नाही. तुम्ही तुमच्या मनाने काढलेलं चित्र विकलं तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, लेखी करून दिला तरच जातो. पण कुणी पैसे देऊन "असं चित्र काढून द्या" म्हणून सांगून काढून घेतलं असेल तर 1957 च्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क त्या माणसाचा. म्हणून ऑर्डर घेताना चार ओळींचा कागद करा: प्रिंट काढायचा हक्क माझ्याकडे राहील. वारलीला जीआय आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो वारली या नावाचं रक्षण करतो, तुमच्या एका चित्राचं नाही. मात्र हक्क तुमचा असला तरी चांगला फोटो तुमच्याकडे नसेल तर तो हक्क नुसता कागदावर. विकत घेणाऱ्याच्या दारात जाऊन "जरा चित्र खाली उतरवता का" म्हणायची वेळ येते.

ती वेळ आमच्यावर आलीच. मी पुण्याच्या त्या गृहस्थांना फोन केला, खरं काय ते सांगितलं. भले माणूस. म्हणाले, रविवारी या. ताई, त्यांचा मुलगा आणि मी पहाटेच निघालो. आरसा, काळी घोंगडी, दोन सारखे दिवे आणि फिल्म सोबत. चित्र खरंच खिडकीसमोर टांगलेलं होतं आणि दुपारी त्यात समोरची इमारत दिसत होती. खाली उतरवून आतल्या खोलीत नेलं, पडदे लावले. दोन तास लागले. मुलाने फिल्टर फिरवला आणि मुंग्या एकेक करून दिसायला लागल्या तेव्हा ताई पहिल्यांदा हसल्या. ती 40 ची ऑर्डर परत आली नाही. पण फोटो आता ताईंच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर आहे, आणि त्याच्या पहिल्या दहा प्रिंट मागच्या आठवड्यात नाशिकहून आल्या.

पुढच्या व्हिडिओत ही सगळी मांडणी पोशेऱ्यातल्याच एका पडवीत करून दाखवणार आहे. ज्यांच्याकडे अजून वॉर्निश न केलेलं चित्र आहे त्यांनी तोवर डबा उघडू नका.